चार अंशांवरच्या सासूबाई

रेखाची जीभ तिखट आहे, हे हॉस्पिटलात नव्यानं आलेल्या माणसाला पहिल्याच दिवशी कुणीतरी सांगून ठेवतं. ती तिथल्या स्किन बँकेत काम करते. मेलेल्यांच्या घरच्यांनी दान दिलेली कातडी आणायची, धुवायची, ग्लिसरीनच्या बाटल्यांत भरून चार अंशांवर जपायची आणि भाजलेला पेशंट आला की डॉक्टरांच्या हाती द्यायची, हे तिचं काम. डोळ्यांवर जाड भिंगाचा चष्मा, आणि गळ्यापासून कानापर्यंत चढलेला भाजल्याचा वण. कुणी त्या वणाकडे फार वेळ बघत बसलं की ती म्हणते, "बघून झालं असेल तर कामाचं बोला."

मूळची ती धारवाडच्या मळमड्डीतली. वडील सदाशिवराव शाळामास्तर. बी.एस्सी. झाल्यावर तिचं लग्न हुबळीच्या निपाणीकरांच्या घरात झालं. मुख्य बाजारात कापडाचं दुकान, केशवापुरात दुमजली घर, दारात गाडी. मास्तरांना वाटलं, पोरीचं नशीब उघडलं. नवरा चेतन दिसायला चांगला, बोलायला त्याहून चांगला आणि करायच्या वेळी कुठंच नसलेला. सासूबाई सुशीलाबाई म्हणजे सोवळ्याचं चालतं-बोलतं दुकान. त्यांचा देवघराचा उंबरा धुतलेल्या पायांनी ओलांडला तरी चूक आणि न ओलांडला तरी चूक.

स्वयंपाकघरातली गॅसची नळी तडकली होती. "बदला हो," म्हणून रेखानं चेतनला कितीदा तरी सांगितलं. दुकानाच्या पाटीला नवे दिवे लावून घ्यायला त्याला सवड होती, नळीला नव्हती. एका सकाळी चहाचं आधण ठेवताना भडका उडाला. अंगावर नायलॉनची साडी. मोलकरणीनं धुण्याचं ओलं पोतं उचलून तिच्यावर टाकलं, म्हणून ती वाचली. सुशीलाबाई त्या वेळी ओरडत होत्या, पण "पाणी आणा" म्हणून नव्हे. धूर देवांपर्यंत जाऊ नये म्हणून त्या ओरडत होत्या, "आधी देवघराचं दार लावा."

जळलेली कातडी काढली की माणूस सोललेल्या फळासारखा उघडा पडतो. अंगातलं पाणी झिरपून जातं, जंतू आत शिरतात. पेशंटची स्वतःची कातडी काढून लावावी, तर रेखाच्या अंगावर मांड्या सोडून धड जागा उरली नव्हती, आणि त्या सोलायचं बळ तिच्यात नव्हतं. हुबळीत तेव्हा स्किन बँक नव्हती. डॉक्टर शेषगिरींनी परगावच्या बँकेतून बर्फाच्या पेटीत कातडी मागवली आणि तिच्या छातीवर, हातांवर पसरली. घर शाकारून होईपर्यंत वर ताडपत्री टाकतात, तसं ते काम. काही आठवडे परकी कातडी अंग झाकते, मग गळून पडते. तोवर माणसाला थोडी ताकद आलेली असते आणि त्याचीच कातडी त्याला लावता येते.

सुशीलाबाई एकदा बघायला आल्या. नाकाला पदर लावून त्यांनी डॉक्टरांना विचारलं, "ही कातडी कुणाची म्हणायची?"

"ते सांगायचं नसतं, बाई. आम्हालाही नाव कळवत नाहीत."

"म्हणजे कुठल्याही जातीच्या माणसाची?"

"माणसाची," शेषगिरी म्हणाले.

"मेलेल्या?"

"जिवंत माणूस आपली कातडी काढून कशी देईल?"

बाई तशाच माघारी फिरल्या. घरी जाऊन त्यांनी निकाल दिला: मढ्याचं कातडं पांघरलेली बाई माझ्या देवघरात येणार नाही. ती परकी कातडी केव्हाच गळून गेली, आता अंगावर आहे ती हिची स्वतःची, हे सदाशिवराव त्यांना समजावायला गेले. पालथ्या घड्यावर पाणी. चेतननं सासऱ्यांना दारातच सांगितलं, "आईच्या मनाविरुद्ध मी काय करणार, अप्पा?" बायकोच्या मनाविरुद्ध त्यानं जन्मभर पुरेल एवढं केलं होतं, ते त्याच्या हिशेबात नव्हतं. रीतसर फारकत झाली. पुढं त्यानं स्नेहा नावाच्या मुलीशी लग्न केलं. नळी मात्र त्या लग्नाच्या आधी बदलून घेतली.

रेखा मळमड्डीत वडिलांकडे राहिली. पहिली वर्षं वाईट गेली. लोक वणाकडे बघून "अरेरे" म्हणायचे आणि लगेच "सासरच्यांनी पेटवलं का गं?" म्हणून खालच्या आवाजात विचारायचे. नाही म्हटलं की त्यांची निराशा व्हायची. माणसांबद्दलची तिची तिडीक त्या काळात पक्की झाली.

मग हुबळीच्या त्या हॉस्पिटलानं स्वतःची स्किन बँक काढली आणि शेषगिरींनी तिला बोलावून घेतलं. ती आधीच गुरगुरली, "दया म्हणून नोकरी देत असाल तर नको."

"दया कसली?" ते म्हणाले. "मला चिडकी माणसं हवीत. गोड माणसं थर्मामीटर बघायला विसरतात."

कामात ती मुरली. फोन आला की डॉक्टर-तंत्रज्ञांबरोबर घरी जायचं, सहा तासांच्या आत कातडी घ्यायची, देह नीट बांधून, झाकून घरच्यांच्या स्वाधीन करायचा. घरोघरी तिला नवं शहाणपण ऐकायला मिळे. डोळे नेले तर चालतील, पण कातडी नेली तर म्हातारा वर उघडा जाईल, असं एक शिकलेला माणूस तिला म्हणाला. 'वर कढईत तळतात असं तुम्हीच सांगता ना, मग कातडी राखून काय करणार?' हे तिच्या ओठांवर आलं होतं. ते तिनं गिळलं आणि नमस्कार करून ती बाहेर पडली. दुःखात असलेल्या घरात तिखट बोलायचं नाही, एवढा एकच नेम ती पाळायची.

आणि एका दुपारी केशवापुरातून फोन आला. सुशीलाबाई निपाणीकर सकाळी गेल्या, मुलाला कातडीचं दान करायचं आहे.

शेषगिरींनी तिच्याकडे पाहिलं. "पूजाला पाठवतो. तू राहू दे."

"पूजा अजून शिकतेय," रेखा म्हणाली. "आणि मी मढ्याला भीत नाही. जिवंत होत्या तेव्हाही भ्यायचं कारण नव्हतं. ते मला उशिरा कळलं, एवढंच."

निपाणीकरांच्या अंगणात मंडप पडला होता. चेतन पांढऱ्या झब्ब्यात उभा होता, आणि त्याच्या शेजारी कॅमेरा घेतलेला एक माणूस. व्यापारी संघाची निवडणूक तोंडावर आली होती, चेतन अध्यक्षपदाला उभा होता, हे दारापाशी जमलेल्यांच्या कुजबुजीतूनच कळलं. "आईची एकच इच्छा होती," तो कुणाला तरी सांगत होता, "मरणानंतरही देह दुसऱ्याच्या कामी यावा." मेल्या म्हशीला मणभर दूध, रेखाला वाटलं. या बाईची इच्छा काय होती हे तिच्याहून चांगलं कुणाला ठाऊक होतं?

तोंडावर मास्क, डोळ्यांवर चष्मा, डोक्यावर टोपी. तीन वर्षं एका घरात राहिलेला माणूस तिच्याशी सरळ डोळ्याला डोळा भिडवून बोलला आणि त्याला ओळख पटली नाही.

"मॅडम, एक विचारू? आईची कातडी चांगल्या घरी जाईल ना? म्हणजे, आई शुद्ध शाकाहारी होती."

"कातडी जेवत नाही," रेखा म्हणाली.

तो आवाज ऐकून तो जरा थबकला. तिनं संमतीचा कागद पुढं केला, आणि पेन देताना हातमोजा काढला. जळून एकमेकांना चिकटलेली तिची दोन बोटं त्याच्या पुढ्यात आली. त्याचा चेहरा उतरला.

"रेखा?"

"इथं सही करा."

"तूच का आलीस?"

"आजची पाळी माझी."

कॅमेरावाला पुढं सरसावला. "मॅडम, तुम्ही आणि शेठ, जरा असे उभे राहा." चेतन घाईनं म्हणाला, "फोटो नको, फोटो नको." फोटोला नाही म्हणायची त्याच्या आयुष्यातली ती पहिलीच वेळ असावी.

आतल्या खोलीत सुशीलाबाई शांत पडल्या होत्या. रेखानं आणि बरोबरच्या डॉक्टरांनी त्यांना कुशीवर वळवलं. मांड्यांवरून, पाठीवरून पातळ पापुद्र्यासारख्या पट्ट्या निघाल्या. सालपापड्या वाळत घालाव्यात तशा त्या हळू हाताळाव्या लागतात. या पाठीला एके काळी रेखा रोज तेल लावत असे आणि "हात जड आहे तुझा" हे ऐकत असे. तिला रडू आलं नाही, समाधानही वाटलं नाही. पट्ट्या बांधून झाल्यावर तिनं बाईंची साडी सारखी केली, निऱ्या बसवल्या. तो कामाचाच भाग होता.

बँकेत आल्यावर कातडीला नाव राहत नाही, नुसता नंबर राहतो. ग्लिसरीननं ती पांढरी पडते, मग महिनाभर वेगळ्या कप्प्यात बसते. रक्ताच्या आणि जंतूंच्या तपासण्या निर्दोष आल्या तरच ती वापरायची, नाहीतर नष्ट करायची. त्या महिन्यात रेखाच्या मनात एक विचार रोज फेरी मारून जात असे. किल्ली तिच्याकडे होती. एक बाटली खराब निघाली म्हणून कुणी तिला जाब विचारला नसता. पूजानं एकदा धीर करून विचारलंही, "अक्का, तुम्हाला टाकून द्यावंसं नाही वाटत?"

"टाकायला सुद्धा त्या बाईसाठी काहीतरी खास करावं लागेल," रेखा म्हणाली. "तेवढा मान मी तिला देणार नाही. बाकीच्यांसारखी गप्प बसू दे थंडीत."

तपासण्या निर्दोष आल्या. बाटल्या वापरायच्या कप्प्यात गेल्या.

त्यानंतर हॉस्पिटलचे व्यवस्थापक वादिराज यांना दाता कुटुंबांचा जाहीर सत्कार करायची कल्पना सुचली. वादिराजांना वर्षाकाठी एक कल्पना सुचे आणि तिची किंमत इतरांना मोजावी लागे. रविवारी भर दुपारी हॉस्पिटलच्या आवारात मंडप, माइक, कूलर, गुच्छ. वीज गेली तर पाहुण्यांची गैरसोय नको म्हणून त्यांनी स्किन बँकेचा जनरेटर ओढून मंडपामागं नेला. आणि वीज गेलीच. कोपऱ्यावरचा ट्रान्सफॉर्मर उडाला. मंडपात कूलर फिरत राहिले, आणि वरच्या मजल्यावर फ्रीजचा भोंगा वाजू लागला.

रेखा धावत खाली आली. "वादिराज सर, जनरेटर द्या. काटा चढतोय."

"किती झालंय री?"

"सहा."

"सहा म्हणजे गारच की, अक्का. बाहेर छत्तीस आहे." आणि त्यांनी समजुतीनं हात हलवला. "अर्धा तास थांबा. निपाणीकर शेठ बोलतायत."

आठाच्या वर काटा गेला आणि तिथंच राहिला, तर आतल्या कातडीची हमी देता येत नाही, आणि हमी नसलेली कातडी उघड्या जखमेवर घालता येत नाही. कितीतरी कुटुंबांनी मढ्याशेजारी बसून दिलेलं दान एका भाषणापायी गटारात जाणार होतं. उंटावरच्या त्या शहाण्याशी वाद घालण्यात अर्थ नव्हता. रेखानं गोकुळ रोडवरच्या एका रक्तपेढीला फोन लावला. त्यांनी फ्रीजमध्ये जागा देतो म्हटलं. पूजानं आणि तिनं बाटल्या बर्फाच्या पेटीत भरल्या. खाली येऊन बघतात तर ॲम्ब्युलन्सच्या तोंडाशी चेतनची लांबलचक गाडी आडवी लावलेली, हार घातलेली.

मंचावर चेतन रंगात आला होता. शाल, श्रीफळ, भरून आलेला गळा. "माझ्या अंगाच्या कातड्याचे जोडे करून आईच्या पायांत घातले," तो सांगत होता, "तरी तिचे उपकार फिटणार नाहीत."

रेखा पेटी घेऊन मंचाच्या पायऱ्या चढली. ती माइकजवळ आहे हे तिच्या ध्यानात नव्हतं, की होतं, हे पूजा अजून सांगू शकत नाही.

"जोडे राहू द्या," ती म्हणाली. "गाडी काढा. तुमच्या आई या पेटीत आहेत आणि त्या तापायला लागल्यात."

 मागच्या रांगेत कुणीतरी फिसकन हसलं. चेतननं खिसे चाचपले. किल्ली त्याच्याकडेच होती.

"मी बाजूला घेतो," तो पुटपुटला.

"बाजूला कशाला? आता हीच गाडी जाऊ दे. ॲम्ब्युलन्स पेशंटला लागते."

अशा रीतीने खांद्यावर शाल घेतलेला चेतन निपाणीकर गाडी चालवत निघाला. मागं रेखा बसली होती, मांडीवर पेटी धरून. बोनेटवरचा हार वाऱ्यानं फडफडत होता. केशवापूर मागं पडलं.

"मुद्दाम केलंस," तो म्हणाला.

"एसी वाढवा."

त्यानं एसी वाढवला. जरा वेळानं आवाज मऊ करून म्हणाला, "अजून राग आहे का माझ्यावर?"

"राग आपल्या माणसांवर धरतात," रेखा म्हणाली. "पुढं डावीकडं घ्या."

रक्तपेढीच्या दारात तिनं पेटीचा थर्मामीटर बघितला. काटा हद्दीच्या आत होता. बाटल्या फ्रीजमध्ये गेल्या.  चेतन बाहेर फोनवर कुणाला तरी सांगत होता, "हो हो, मी स्वतः गाडी घेऊन आलोय. दुसऱ्या कुणावर विश्वास कसा टाकायचा?"

दुसऱ्या दिवशीच्या स्थानिक पेपरात त्याचा फोटो आला. गाडी, हार, शाल, आणि मथळा: आईच्या दानासाठी लेकाची धावपळ. रेखाच्या कोपराचा एवढासा तुकडा कडेला आला होता. व्यापारी संघानं त्याला भरघोस मतांनी निवडून दिलं. शेषगिरींनी पेपर तिच्यापुढं ठेवला तेव्हा तिला वाटलं, आपला संताप होईल. झाला नाही. "गेंड्याची कातडी," ती म्हणाली. "तीच काय ती आपल्याला साठवता येत नाही." शेषगिरींनी मात्र त्या आठवड्यात जनरेटर काँक्रीटच्या ओट्यावर नटबोल्टांनी घट्ट बसवून घेतला, आणि बाटल्या रक्तपेढीतून परत आल्या. वादिराज त्यांच्याशी बरेच दिवस बोलले नाहीत. त्यामुळं दोघांचंही काम सोपं झालं.

उन्हाळ्याच्या शेवटी अळणावरकडच्या एका खेड्यातून मथुरा नावाची बाई आली. गवताच्या गंजीला आग लागली, गोठा पेटला, आणि बांधलेली म्हैस सोडवायला ती आत शिरली. म्हैस सुटली, मथुराची पाठ आणि दोन्ही दंड गेले. नवरा धोंडिबा ॲम्ब्युलन्समधून उतरला तो तिच्या चपला हातात घेऊनच. शेषगिरींनी कातडी मागितली. जी आधी आली ती आधी द्यायची, हा नियम. रेखानं फ्रीज उघडला, नंबर बघितला, आणि क्षणभर तिथंच उभी राहिली. मग बाटली काढली, ग्लिसरीन धुतलं, पट्ट्या ताटात पसरल्या आणि ताट आत दिलं. देवघराचं दार लावणाऱ्या बाईची पाठ गोठ्यात शिरलेल्या बाईच्या पाठीवर गेली.

मधल्या काळात चेतनचा फोन आला. आईच्या वर्षश्राद्धाला तिची कातडी मिळालेल्या पेशंटला घरी बोलावून साडी नेसवायची इच्छा होती, संघाचे लोकही येणार होते.

"नाव सांगता येत नाही," रेखा म्हणाली.

"मी मुलगा आहे तिचा."

"म्हणून तर अजिबात नाही," असं म्हणून तिनं फोन ठेवला.

मथुरा हळूहळू सावरली. परकी कातडी गळाली, मांडीची स्वतःची कातडी लावली, ती धरली. एका सकाळी ड्रेसिंगला रेखा मदतीला गेली होती, तेव्हा मथुरानं तिच्या गळ्याकडे निरखून बघितलं. रेखानं तिला बघू दिलं.

"तुमालाबी लावलं व्हतं काय वो, अक्का?"

"हो."

"आमच्या सासूबाई म्हनत्यात, मढ्याचं हाय, घरात घेताना गोमूत्र शिंपडू." मथुरा हसली आणि पाठ ताणल्यानं कळवळली. "ह्यांनी सांगितलं त्यास्नी, शिंपडायचं तर म्हशीवर शिंपडा, तिच्यापायी झालंय समदं."

रेखालाही हसू आलं. गॉजची घडी करता करता तिला आठवलं, आपल्या वेळी दारात उभा राहून असं एक वाक्य बोलणारं कुणी नव्हतं. वडील होते, पण त्यांना विनवायचंच माहीत होतं.

"कुनाची व्हती वो ती कातडी?" मथुरानं विचारलं.

"सांगत नाहीत."

"बाई व्हती का बाप्या, एवढं तरी?"

"बाई."

"लई चांगली असनार."

रेखानं पट्टी गुंडाळली, टोक चिकटवलं, आणि चष्मा वर सरकवला.

"कातडी चांगली होती," ती म्हणाली. "हात वर कर बघू. अजून. हां, अजून थोडा."

मथुरानं दात आवळून हात खांद्याच्या वर नेला. दारात धोंडिबा डबा घेऊन उभा होता, आणि तो बघतोय म्हणून तिनं तो आणखी थोडा वर नेला.